आफ्रिकेविषयी तुम्ही विचारलेले प्रश्न: भाषा, लिपी, अन्न, कापड, कला आणि आपले जुने संबंध

नोकरीनिमित्त काही वर्षं टांझानियात दार-एस-सलामला राहून परत आलो आणि शाळा, वाचनालयं, ज्येष्ठ नागरिक संघ मला आफ्रिकेवर बोलायला बोलावू लागले. प्रत्येक ठिकाणी तेच प्रश्न येतात, नंतर फोनवरही तेच येतात. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. एका उत्तरात दुसऱ्याचा संदर्भ आला तर तो क्रमांक पाहावा.

१. आफ्रिकेत नक्की किती देश आहेत? कुठे ५४ लिहिलेलं असतं, कुठे ५५.

दोन्ही आकडे बरोबर आहेत. संयुक्त राष्ट्रांचे सदस्य असलेले आफ्रिकी देश ५४. आफ्रिकी संघाचे सदस्य मात्र ५५, कारण पश्चिम सहारातल्या सहरावी प्रजासत्ताकाला संघाने सदस्यत्व दिलं आहे आणि संयुक्त राष्ट्रांनी दिलेलं नाही. स्पर्धा परीक्षेसाठी विचारत असाल तर प्रश्न कोणत्या संस्थेबद्दल आहे ते आधी वाचा.

खंडाचं क्षेत्रफळ सुमारे ३ कोटी चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या नऊपटीहून थोडं जास्त. हे एकदा मनात ठसलं की पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात. माझा आग्रह एवढाच असतो की ‘आफ्रिकेत असं असतं’ हे वाक्य तोंडात आलं की लगेच स्वतःला विचारायचं, कुठे? मालीत, केनियात की मादागास्करमध्ये? ‘आशियात लोक काय खातात?’ असं आपण कुणाला विचारत नाही.

२. ‘आफ्रिकन भाषा’ शिकायची आहे. कुठली शिकू?

आफ्रिकन नावाची भाषा नाही. खंडावर सुमारे दोन हजार भाषा बोलल्या जातात, एकट्या नायजेरियात पाचशेच्या वर. दक्षिण आफ्रिकेच्या राजभाषा १२ आहेत. त्यातली बारावी, म्हणजे खुणांची भाषा, २०२३ मध्ये यादीत आली. झिंबाब्वेच्या २०१३ च्या राज्यघटनेने तर १६ भाषांना मान्यता दिली.

यातल्या शेजारशेजारच्या भाषासुद्धा कित्येकदा एकमेकींच्या नात्यातल्या नसतात. इथिओपियाची अम्हारिक ही अरबी-हिब्रूच्या कुळातली. योरुबा, झुलू, स्वाहिली या नायजर-काँगो कुळातल्या. दक्षिण सुदानची डिंका वेगळ्याच कुळातली. आणि मादागास्करची मलागासी तर बोर्निओ बेटावरच्या भाषांची बहीण, कारण तिचे पूर्वज हिंद महासागर ओलांडून होड्यांमधून आले. येताना त्यांनी भातशेती आणली, म्हणून तिथली खाचरं पाहून कोकणी माणसाला आपल्या गावात आल्यासारखं वाटतं.

सुरुवात करायची असेल तर स्वाहिली घ्या. कारण पुढच्या उत्तरात.

३. स्वाहिली मराठी माणसाला सोपी जाते म्हणतात, ते का?

शब्द ओळखीचे निघतात म्हणून. साबुनी म्हणजे साबण, दुनिया म्हणजे दुनिया, दावा म्हणजे औषध, कलामू म्हणजे लेखणी, हबारी म्हणजे खबर. यातले बरेच अरबी-फारसी मार्गाने दोन्हीकडे पोचले. काही मात्र आपल्याच किनाऱ्यावरून गेले: गारी म्हणजे गाडी, पेसा म्हणजे पैसा, चपाती म्हणजे चपाती, अचारी म्हणजे लोणचं, बिमा म्हणजे विमा. ‘लाकी मोजा’ म्हणजे एक लाख. दार-एस-सलामच्या बाजारात पहिल्यांदा कानावर ‘लाकी’ पडलं तेव्हा मी वळून पाहिलं होतं, कोण मराठी बोलतंय म्हणून.

पण व्याकरण पूर्णपणे बांटू (स्वाहिली, झुलू ज्या भाषागटात येतात तो) आहे आणि तिथे मेहनत पडते. नामाचं वचन पुढून बदलतं. म्तोतो म्हणजे मूल, वातोतो म्हणजे मुलं. किसू म्हणजे सुरी, विसू म्हणजे सुऱ्या. गंमत अशी की अरबीतून ‘किताबू’ आला, तेव्हा लोकांच्या कानाला त्यातलं ‘कि’ आपलंच वाटलं आणि अनेकवचन झालं ‘विताबू’. परका शब्द घरात घेऊन त्याला घरचं वळण लावणं म्हणजे काय, ते इथे दिसतं.

युनेस्कोने २०२१ मध्ये ७ जुलै हा जागतिक स्वाहिली भाषा दिन म्हणून जाहीर केला.

४. जीभ टाळ्याला लावून ‘टक’ असा आवाज काढतात ती भाषा कोणती? तो खरंच शब्दाचा भाग असतो का?

हो, ‘क’ किंवा ‘प’ इतकंच ते पक्कं व्यंजन आहे. अशा भाषा दक्षिण आफ्रिका, नामिबिया, बोट्स्वाना या भागात जास्त आहेत आणि टांझानियात सांदावे व हाद्झा या दोन. झुलू आणि खोसा या बांटू भाषांनी हे ध्वनी जुन्या शेजाऱ्यांकडून उचलले.

तुम्हाला हे ध्वनी येतात. कुणाची दुःखद बातमी ऐकल्यावर आपण ‘च्‌ च्‌ च्‌’ करतो, तो पहिला. बैलाला किंवा घोड्याला हाकताना गालाच्या कडेने जो आवाज काढतो, तो दुसरा. आणि बाटलीचं बूच उघडल्यासारखा टाळ्यावरून जीभ सोडून काढलेला आवाज, तो तिसरा. आपण ते भाषेच्या बाहेर ठेवले, त्यांनी आत घेतले. ‘खोसा’ या नावाची सुरुवातच बैल हाकण्याच्या आवाजाने होते. आपल्या लिपीत तो लिहिता येत नाही म्हणून ‘ख’ लिहायची पाळी येते.

५. आफ्रिकेत लिपी नव्हती, म्हणून इतिहास नाही, असं शाळेत शिकलो होतो. खरं आहे का?

नाही. हे वाक्य वसाहतीच्या काळात मुद्दाम पसरवलं गेलं आणि अजून आपल्या वर्गांत फिरतंय.

इजिप्तची चित्रलिपी तर सगळ्यांना माहीत आहे. तिच्या दक्षिणेला, आजच्या सुदानमध्ये, मेरोई या जुन्या राज्याची स्वतःची लिपी होती. उत्तरेच्या अमाझिग लोकांची तिफिनाग लिपी आज मोरोक्कोत सरकारी पाट्यांवर दिसते. इथिओपिया-इरिट्रियाची गीझ लिपी दीड हजारहून जास्त वर्षं सलग वापरात आहे. ती पाहिली की मराठी माणसाला लगेच कळते, कारण तिला बाराखडी आहे! प्रत्येक व्यंजनाची सात रूपं: ल, लू, ली, ला, ले, ल्, लो. अदिस अबाबातल्या बालवाडीत भिंतीवर हा तक्ता टांगलेला असतो आणि मुलं आपल्यासारखीच सुरात म्हणतात.

मालीतलं तिंबुक्तू हे शहर पोथ्यांचं. खगोल, कायदा, वैद्यक, व्याकरण, व्यापाराचे करार अशा विषयांची हस्तलिखितं तिथल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली. २०१२ मध्ये सशस्त्र गटांनी शहर ताब्यात घेऊन सुफी संतांच्या कबरी पाडल्या, तेव्हा ग्रंथपाल आणि साध्या घरच्या माणसांनी त्या पोथ्या पत्र्याच्या ट्रंकांत भरून गाड्यांमधून आणि होड्यांमधून राजधानी बामाकोला पोचवल्या. पाडलेल्या कबरी तिथल्याच गवंड्यांनी पुन्हा बांधल्या. पाडणाऱ्यांपैकी एकाला २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने नऊ वर्षांची शिक्षा दिली.

आणि लिपी घडवणं अजून थांबलेलं नाही. गिनीच्या सोलोमाना कान्ते यांनी १९४९ मध्ये मांदे भाषांसाठी न्‌को लिपी तयार केली. गिनीतल्याच इब्राहिमा आणि अब्दुलाये बारी या शाळकरी भावांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी फुलानी भाषेसाठी अदलाम लिपी घरी बसून रचली. आज ती मोबाइलवर टाइप करता येते.

६. मग जे लिहिलेलं नाही, तोंडी आहे, त्यावर विश्वास कसा ठेवायचा?

ज्या विश्वासाने आपण पोवाडा आणि ओवी वाचतो, त्याच. नुसतं प्रमाण म्हणूनही नाही आणि नुसती गोष्ट म्हणूनही नाही.

पश्चिम आफ्रिकेत, माली-गिनी-गांबिया-सेनेगल पट्ट्यात, ‘जेली’ नावाची घराणी आहेत. फ्रेंचांनी त्यांना ग्रिओ म्हटलं. कुयाते, जाबाते ही आडनावं ऐकली की तिथला माणूस ओळखतो. तेराव्या शतकात मालीचं साम्राज्य उभारणाऱ्या सुंजाता केताची कथा याच घराण्यांनी आजवर गायली. वंशावळ सांगणं, लग्नात नाव घेणं, भांडणात मध्यस्थी करणं, राजाला सुनावणं ही सगळी त्यांची कामं. भाट, गोंधळी आणि शाहीर एकाच माणसात पाहायचे तर तो जेली.

त्याचं वाद्य कोरा. अर्धा भोपळा, त्यावर गाईचं कातडं, लांब दांडा आणि २१ तारा. वाजवणारा ते छातीसमोर उभं धरतो आणि दोन अंगठे व दोन तर्जनी एवढ्या चार बोटांनी वाजवतो. एक अंगठा खालचा ठेका धरतो, बाकीची बोटं वर नक्षी काढतात. डोळे मिटून ऐकलं तर दोन माणसं वाजवताहेत असं वाटतं.

७. ढोल वाजवून निरोप देतात म्हणे. ही दंतकथा की खरं?

खरं आहे, पण सिनेमात दाखवतात तसं नाही. नायजेरियातल्या योरुबा भाषेत स्वराची उंची बदलली की शब्दाचा अर्थ बदलतो. उंच, मधला आणि खालचा असे तीन स्वर आहेत. डमरूसारखा मधे आवळलेला दुनदुन काखेत धरून त्याच्या वाद्या दाबल्या की स्वर चढतो, सोडल्या की उतरतो. म्हणजे ढोल वाक्याची चाल हुबेहूब वाजवतो. एकट्या शब्दाची चाल दुसऱ्या दहा शब्दांसारखी असू शकते, म्हणून वादक शब्दाऐवजी सबंध वाक्प्रचार वाजवतात. भाषा न येणाऱ्याला ते नुसतं वादन वाटतं. जाणणाऱ्याला त्यात स्वतःच्या आजोबांचं नाव ऐकू येतं.

८. वारसा म्हणून पाहण्यासारख्या इमारती कुठे आहेत? मातीच्या झोपड्यांपलीकडे काही आहे का?

आहे. आणि आधी मातीबद्दलच. मालीतल्या जेन्नेची मशीद पूर्ण मातीची आहे आणि जगातली सर्वांत मोठी मातीची इमारत म्हणून ओळखली जाते. आजची वास्तू १९०७ ची, जागा त्याहून कितीतरी जुनी. दर वर्षी पावसाआधी सगळं गाव तिला लिंपतं. भाताचा कोंडा घालून कुजवलेला चिखल टोपल्यांतून पळत आणायचा, मोहल्ल्यामोहल्ल्यांत चढाओढ, भिंतीतून बाहेर आलेल्या लाकडी खुंट्यांवर चढून गवंडी हातानेच थापतात. त्या खुंट्या शोभेच्या वाटतात, पण ती कायमची परांची आहे. शेणाने अंगण सारवणाऱ्या माणसाला यातलं शहाणपण समजावून सांगावं लागत नाही.

इथिओपियात लालिबेलाला ११ चर्च अखंड खडकात कोरलेली आहेत, बाराव्या-तेराव्या शतकातली. संत जॉर्जचं चर्च वरून पाहिलं तर जमिनीत कोरलेला क्रूस दिसतो. आपल्याकडे वेरूळचं कैलास लेणं पाहिलेलं असेल तर पद्धत लगेच उमगते: आधी कळस, मग पाया. या दोन जागांचा एकमेकींशी संबंध होता असं मात्र कृपया सांगत सुटू नका. तसा पुरावा नाही. माणसाच्या हाताला एकाच प्रकारचा दगड मिळाला की तो सारख्या युक्तीपर्यंत पोचू शकतो, एवढंच.

झिंबाब्वेतलं ग्रेट झिंबाब्वे अकराव्या ते पंधराव्या शतकातलं शहर. तिथल्या मोठ्या कोटाची भिंत जवळजवळ ११ मीटर उंच आहे आणि दगडांमध्ये चुना नाही, माती नाही, काहीच नाही. गोऱ्या वसाहतवाल्यांनी अनेक दशकं ठासून सांगितलं की हे फिनिशियनांनी किंवा अरबांनी बांधलं असणार. १९०५ मध्ये आणि पुन्हा १९२९ मध्ये पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन करून ते स्थानिकांचंच असल्याचं दाखवलं, तरी तिथलं सरकार मान्य करायला तयार नव्हतं. १९८० मध्ये देश स्वतंत्र झाला आणि त्याने त्या दगडांचंच नाव घेतलं. तिथे सापडलेला दगडी पक्षी आज त्यांच्या झेंड्यावर आहे.

९. इजिप्त ‘खऱ्या आफ्रिकेत’ धरायचा का?

धरायचा. खंडाचे ‘खरा’ आणि ‘खोटा’ असे भाग पाडणं बंद केलेलं बरं. सहारा वाळवंट भिंत कधीच नव्हतं, उंटांच्या तांड्यांचा तो हमरस्ता होता. नाईल तर वाहतीच वाट. इसवी सनपूर्व आठव्या शतकात दक्षिणेच्या कुश राज्याने इजिप्त जिंकला, तो तिथला पंचविसावा राजवंश. आणि पिरॅमिडची संख्या मोजली तर इजिप्तपेक्षा सुदानमध्ये जास्त आहेत, दोनशेच्या वर. आकाराने लहान, उतार तीव्र.

हेही खरं की कैरोतला माणूस स्वतःला आधी अरब म्हणेल, अल्जीरियातला कुणी अमाझिग म्हणेल. माणूस स्वतःला काय म्हणवतो ते त्याला विचारून घ्यावं. नकाशा त्याच्या आड येत नाही.

१०. तिकडे सगळे निसर्गपूजक असतात का?

ख्रिस्ती आणि मुस्लिम मिळून आज बहुसंख्य आहेत. इथिओपियाने ख्रिस्ती धर्म चौथ्या शतकातच स्वीकारला, युरोपातल्या कित्येक देशांच्या आधी. पण जुन्या परंपरा संपलेल्या नाहीत. योरुबांची इफा ही दैवज्ञपद्धती २५६ प्रकरणांच्या पाठांतरावर उभी आहे आणि एकेका प्रकरणात असंख्य ओव्या असतात.

आपल्याला सर्वांत जवळचं वाटेल ते म्हणजे देवराई. नायजेरियात ओशोग्बो गावाबाहेर ओशुन या नदीदेवतेचं राखलेलं रान आहे. तिथे शिकार, मासेमारी, शेती चालत नाही. २००५ मध्ये ते जागतिक वारसा झालं. केनियाच्या किनाऱ्यावर मिजिकेंडा लोकांच्या ‘काया’ आहेत. जुन्या तटबंद वस्त्यांच्या जागी राखलेली ही राई, त्यांतल्या काही जागतिक वारसा यादीत आहेत. तिथला वडीलधारा माणूस आत नेताना सांगतो की काटकीसुद्धा उचलायची नाही. मी हे वाक्य सिंधुदुर्गात शब्दशः ऐकलेलं आहे.

११. आम्ही शाकाहारी आहोत. खाण्याचे हाल होतील का?

इथिओपियात तर मुळीच नाही. तिथल्या ऑर्थोडॉक्स चर्चचे भाविक दर बुधवारी, शुक्रवारी आणि मोठ्या व्रतांच्या काळात मांस, अंडी, दूध, तूप काही खात नाहीत. सगळे मिळून वर्षातले १८० हून जास्त दिवस. म्हणून हॉटेलात एकच शब्द पाठ करा: ‘त्सोम’, म्हणजे उपवासाचं. ‘ये-त्सोम बेयायनेतू’ मागितलं की परातीएवढ्या ताटात इंजेरा पसरून येते आणि तिच्यावर वाटीवाटीभर भाज्या, मसूर, बीट, कोबी. इंजेरा टेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ काही दिवस आंबवून करतात. चव आंबोळीची, अंगावर जाळी घावनासारखी. शिरो म्हणजे हरभऱ्याच्या पिठाचं पिठलंच, फक्त बेरबेरे मसाल्यामुळे लाल. सूचना एकच: उपवासाचं नसेल त्या दिवशी शिरोत मसालेदार लोणी असतं, कडक वीगन असाल तर विचारून घ्या.

केनिया-टांझानियात उगाली खाल्ली जाते, मक्याच्या पिठाची घट्ट उकड. हाताने गोळा तोडायचा, अंगठ्याने खळगा करायचा आणि भाजी उचलायची. पश्चिम आफ्रिकेत जपून. जोलोफ भात साधा टोमॅटोचा दिसला तरी रस्सा बहुधा मांसाचा किंवा माशाचा असतो. आणि जोलोफ उत्तम कुणाचा, सेनेगलचा, घानाचा की नायजेरियाचा, या वादात पाहुण्याने पडू नये.

जेवणानंतरची इथिओपियातली कॉफी चुकवू नका. जमिनीवर ताजं गवत पसरतात, हिरव्या बिया समोर भाजतात, तो धूर पाहुण्यांच्या नाकाशी आणून देतात. मग कुटून, जेबेना नावाच्या लांब मानेच्या काळ्या मातीच्या सुरईत उकळायची. तीन फेऱ्या असतात: अबोल, तोना, बरका. पहिलीनंतर उठणं हा अपमान. दीड तास काढून ठेवा.

१२. ज्वारी-बाजरी आफ्रिकेतून आली हे एका व्याख्यानात ऐकलं. भाकरी आपली नाही का?

भाकरी आपलीच आहे. धान्य तिकडचं. ज्वारी पूर्व सुदानच्या भागात माणसाळली, बाजरी सहाराच्या दक्षिण काठावर मालीच्या बाजूला, नाचणी पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागात. चवळीही पश्चिम आफ्रिकेची. ही बियाणी हजारो वर्षांपूर्वी समुद्रकिनाऱ्यांच्या वाटांनी भारतात पोचली आणि दख्खनच्या कोरड्या जमिनीत रुजली. चिंचेचं झाडही मूळ आफ्रिकेचं, शास्त्रीय नावात ‘इंडिका’ असलं तरी. गोरखचिंचेचं तर बोलायलाच नको.

नाचणीला स्वाहिलीत विम्बी म्हणतात. केनियात तिची पेज लहान मुलांना आणि बाळंतिणीला देतात. युगांडात तिचीच बिअर करून मोठ्या मडक्याभोवती बसून लांब नळ्यांनी ओढतात. ‘पूर्वापार आफ्रिकी अन्न’ मानला जाणारा मका मात्र अमेरिकेतून आलेला आहे. उगाली त्याआधी ज्वारी-बाजरी-नाचणीचीच होती.

१३. रंगीबेरंगी ‘आफ्रिकन प्रिंट’ कापड खरं आफ्रिकन असतं का?

बाजारात त्या नावाने मिळणारं मेणछापाचं कापड एकोणिसाव्या शतकात डच कारखान्यांनी जावा बेटाच्या बाटिकची नक्कल म्हणून काढलं. ते खपलं पश्चिम आफ्रिकेत. मग तिथल्या बायकांनीच कोणती नक्षी चालेल ते ठरवलं, नक्ष्यांना नावं दिली, अर्थ दिले. टोगोच्या लोमे शहरातल्या व्यापारी बायका त्यातून इतक्या श्रीमंत झाल्या की त्यांच्या गाड्यांवरून त्यांना ‘नाना बेंझ’ म्हणू लागले. जन्म कुठलाही असो, ते कापड आता त्यांचं आहे. माझं हे मत ठाम आहे.

तिथेच विणलेलं हवं असेल तर घानाचं केंते. चार बोटं रुंदीच्या लांब पट्ट्या विणून शिवतात. युनेस्कोच्या यादीत ते २०२४ मध्ये आलं. मालीचं बोगोलान चिखलाने रंगवतात.

मला स्वतःला प्रिय आहे ती पूर्व किनाऱ्याची कांगा. दोन तुकड्यांची जोडी, चारी बाजूंनी काठ आणि खालच्या बाजूला छापलेलं एक वाक्य. ‘हराका हराका हाइना बराका’, म्हणजे घाईला बरकत नाही. सासूला, सवतीला, नवऱ्याला जे तोंडावर बोलता येत नाही ते कांगा नेसून बोलायचं. आमच्या शेजारीण बाईंनी निघताना मला बायकोसाठी कांगा दिली आणि त्यावरचं वाक्य मला तीनदा म्हणायला लावलं, चुकीचा निरोप जाऊ नये म्हणून. कांगा घेण्याआधी वाक्याचा अर्थ दुकानदाराला अवश्य विचारा.

१४. टांझानियात दहाची भेट ठरली आणि माणूस आलाच नाही. वेळेची पद्धत वेगळी आहे का?

हो. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, पहिला तास. दहा म्हणजे ‘सा न्‌ने’, चौथा. तुम्ही स्वाहिलीत दहावा तास म्हणालात तर तो दुपारी चारला आला असेल आणि तुम्ही निघून गेला असाल. घड्याळाचा काटा जिथे असेल त्याच्या समोरचा आकडा वाचायचा.

इथिओपियातही हीच पद्धत, शिवाय पंचांग वेगळं. तीस दिवसांचे बारा महिने आणि पाच-सहा दिवसांचा तेरावा. नवं वर्ष ११ सप्टेंबरला (काही वर्षी १२ ला) आणि सन आपल्या वापरातल्या सनापेक्षा सात-आठने मागे. विमानाचं तिकीट आंतरराष्ट्रीय वेळेने असतं, गावातल्या बसचं बहुधा स्थानिक. विचारल्याशिवाय निघू नका.

१५. बेनिनच्या कांस्यमूर्ती परत दिल्या असं वाचलं. मग त्या नायजेरियाला का गेल्या, बेनिन देशाला का नाही?

कारण बेनिन दोन आहेत. बेनिनचं जुनं राज्य आजच्या नायजेरियात आहे, एदो लोकांचं. राजधानी बेनिन सिटी, राजाला ‘ओबा’ म्हणतात. शेजारचा बेनिन देश म्हणजे पूर्वीचा दाहोमी. त्याने १९७५ मध्ये नाव बदललं.

१८९७ मध्ये ब्रिटिश सैन्याने बेनिन सिटी लुटली, जाळली आणि हजारो वस्तू नेल्या. ‘कांस्य’ म्हणतात, पण बऱ्याचशा पितळी आहेत. मेणाचा नमुना करायचा, त्यावर मातीचं कवच, मग मेण वितळवून त्या जागी धातू ओतायचा. पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी आणलेली पितळी कडी वितळवून तो मिळवत. बेनिन सिटीतल्या इगुन रस्त्यावर ओतारी घराणी आजही हेच काम करतात.

जर्मनीने २०२२ मध्ये मालकी नायजेरियाला दिली, नेदरलँड्सने २०२५ मध्ये ११९ वस्तू परत केल्या. ब्रिटिश म्युझियमकडे नऊशेहून जास्त आहेत आणि १९६३ चा कायदा पुढे करून ते देत नाहीत. फ्रान्सने २०२१ मध्ये २६ वस्तू परत केल्या त्या मात्र बेनिन देशाला, दाहोमीच्या राजवाड्यातल्या. बातमी वाचताना हा फरक लक्षात ठेवा.

१६. परत देणं आणि उसनं देणं यात फरक काय? वस्तू आली म्हणजे झालं ना?

घानाच्या लोकांना हा प्रश्न २०२४ मध्ये पडला. असांते राजाचे ३२ सोन्या-चांदीचे जिन्नस कुमासीला आले, पण लंडनच्या दोन संग्रहालयांनी ते तीन वर्षांच्या बोलीवर उसने दिले होते. त्याच वर्षी त्यातल्याच एका संग्रहालयाने, व्हिक्टोरिया अँड अल्बर्टने, आपल्याला वाघनखं तीन वर्षांसाठी दिली आणि ती साताऱ्यात आली. रांगेत उभं राहून ती पाहणाऱ्याला कुमासीच्या माणसाचं मन समजायला हरकत नाही. आपल्या घरची वस्तू पाहुणी म्हणून येते आणि परतीची तारीख घेऊन येते. मालकी कागदावर बदलेपर्यंत तो परतावा नव्हे. जर्मनीने काय केलं ते प्रश्न १५ मध्ये आहे.

१७. ‘हबशी’ हा शब्द वापरावा का?

मूळ शब्दात वाईट काही नाही. इथिओपिया-इरिट्रियाच्या उंच प्रदेशाला अरब ‘हबश’ म्हणत, आणि तिथले लोक आजही स्वतःला अभिमानाने ‘हबेशा’ म्हणवतात. जंजिरा संस्थानाच्या मुलखाला आपल्या जुन्या कागदांत ‘हबसाण’ म्हटलं आहे. पण आजच्या मराठीत तो शब्द रंगावरून हिणवण्यासाठी वापरला जातो, तेव्हा ऐतिहासिक संदर्भ सोडून कुणा माणसाला तो लावू नये. पुण्यात शिकणाऱ्या सुदानी किंवा नायजेरियन मुलाला तर नाहीच. त्याला त्याच्या नावाने हाक मारा.

मलिक अंबर इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, दख्खनला आला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६२४ मध्ये भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशाहीच्या एकत्र फौजेला हरवलं, शहाजीराजे त्या लढाईत त्याच्या बाजूने होते. खडकी हे शहर, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, त्याने वसवलं. तिथली त्याची नहर पाणीयोजना शतकानुशतकं चालली. कबर खुलताबादला आहे.

एक दुवा फार थोड्यांना माहीत आहे. एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशनमध्ये ठेवून सुतारकाम, लोहारकाम, छपाई शिकवत. त्यातला जेकब वेनराइट हा आफ्रिकेत फिरलेला स्कॉटिश प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन याचा मृतदेह घेऊन इंग्लंडपर्यंत गेला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीला खांदेकऱ्यांत होता. १८७५ मध्ये केनियातल्या मोंबासाजवळ सोडवलेल्या गुलामांसाठी फ्रियरटाउन वसलं, तिथेही नाशिकला वाढलेली माणसं होती. तिथली घंटा अजून जागेवर आहे. शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्या नाशिककरांना मी हे आवर्जून सांगतो.

१८. घरात शोभेला आफ्रिकन मुखवटा लावला तर चालेल का?

विकण्यासाठी केलेला असेल तर खुशाल लावा, कारागिराचं पोट त्यावर चालतं. जुना, विधीत वापरलेला असेल तर घेऊ नका. बऱ्याच देशांत तो बाहेर नेणं गुन्हा आहे आणि चोरीचा असण्याची शक्यता मोठी (प्रश्न १५). मुखवटा हा मुळात अर्धाच. त्याला पोशाख, ताल, नाच, पाहणारं गाव लागतं. योरुबांचा गेलेदे घ्या. नाचणारे पुरुष, डोक्यावर कोरलेलं लाकूड, आणि सगळा खटाटोप गावातल्या वयस्क बायकांच्या शक्तीला मान देण्यासाठी. आपल्याकडे बोहाड्यातली सोंगं पाहिलेली असतील तर भिंतीवर काय उरतं आणि काय जातं ते समजेल.

१९. शाळेच्या गॅदरिंगला मुलांचा ‘आफ्रिकन डान्स’ बसवायचा आहे. काय करू?

दर डिसेंबरला हा फोन येतोच. काळा रंग फासणं, पाल्याचे घागरे, हाडांच्या माळा आणि ‘झिंगालाला’ हे सगळं वगळा. असा नाच आफ्रिकेत कुठेच नाही, आणि तुमच्या शहरात शिकणारा एखादा आफ्रिकी विद्यार्थी प्रेक्षकांत बसलेला असू शकतो. ‘आदिवासी टोळ्या’ हे निवेदनही नको. योरुबा बोलणारे कोट्यवधी आहेत, त्यांना टोळी कसं म्हणणार?

एक देश, एक नाच निवडा आणि निवेदनात दोन्हींची नावं घ्या. मी दक्षिण आफ्रिकेचा गमबूट नाच सुचवतो. सोन्याच्या खाणींत गुडघाभर पाण्यात उभं राहून काम करणाऱ्या मजुरांना रबरी बूट दिलेले असत. दूरदूरच्या गावांतून आलेल्या, वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या त्या माणसांनी बुटांवर थापा मारून, टाचा आपटून ताल धरला आणि त्याचा नाच झाला. मुकादमाने हाक मारायची, रांगेने पायांनी उत्तर द्यायचं. चौथी-पाचवीच्या मुलांना तो आठवड्यात जमतो. पोशाख म्हणून डोक्याला रुमाल, जुनी पँट आणि गमबूट. बूट जूनमध्येच घेऊन ठेवा, डिसेंबरात दुकानात सगळ्या मापांचे मिळत नाहीत. एक माप मोठे घ्या, थाप चांगली वाजते.